विश्लेषण : कमरेला पोलाद की ॲल्युमिनियम? छोट्या पिस्तुलाच्या निवडीत पाव किलोचा फरक एवढा मोलाचा का?

अमेरिकेत कपड्यांखाली लपवून पिस्तूल बाळगण्याची कायदेशीर मुभा गेल्या काही वर्षांत झपाट्याने वाढली. २०२२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कचा शंभर वर्षांहून जुना निर्बंध रद्द केला, तर २०२४ पर्यंत २९ राज्यांनी सज्ञान नागरिकांना परवान्याशिवायही पिस्तूल बाळगू दिले. त्यामुळे बंदुकीच्या दुकानात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्यांसमोर एक जुना प्रश्न नव्याने उभा राहतो. रोज कमरेला लावायचे पिस्तूल पोलादी घ्यावे की हलक्या मिश्रधातूचे? वरवर हौशी वाटणाऱ्या या वादामागे भौतिकशास्त्र आहे, धातुशास्त्र आहे आणि माणसाच्या जिवाचा हिशेबही आहे. अमेरिकेत स्थायिक मराठी कुटुंबांनाही तो कळलेला बरा. भारतातील परवानाधारकांसाठीही त्यात धडे आहेत.

न्यायालयाच्या निकालाने काय बदलले?

न्यूयॉर्कमध्ये १९११ च्या सलिव्हन कायद्यापासून पिस्तुलावर कडक नियंत्रण होते. लपवून पिस्तूल बाळगायचे तर ‘मला इतरांपेक्षा वेगळा, खास धोका आहे’ हे अर्जदाराने सिद्ध करावे, अशी अट होती. २३ जून २०२२ रोजी न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने ही अट घटनाबाह्य ठरवली. न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी बहुमताचा निकाल लिहिला. न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, मेरिलँड यांसारख्या राज्यांत तोवर सामान्य नागरिकाला असा परवाना मिळणे दुरापास्त होते. आता तेथेही निकषांत बसणाऱ्या अर्जदाराला परवाना द्यावा लागतो. प्रशिक्षण, पार्श्वभूमीची तपासणी, संवेदनशील ठिकाणी मनाई अशा अटी मात्र राज्ये घालू शकतात.

घरात ठेवायच्या किंवा नेमबाजीच्या मैदानावर न्यायच्या पिस्तुलाचे वजन फारसे खुपत नाही. दिवसाचे दहा-बारा तास कमरेला वागवायचे असेल तेव्हा मात्र प्रत्येक ग्रॅम मोजला जातो. म्हणूनच ‘कॉम्पॅक्ट’ म्हणजे साधारण चार इंची नळीच्या, मध्यम बांध्याच्या पिस्तुलांना मागणी आहे.

‘मिश्रधातूचे पिस्तूल’ म्हणजे नेमके काय?

हा शब्दप्रयोग थोडा फसवा आहे. पोलाद हाही लोखंड आणि कार्बनचा मिश्रधातूच. पण बंदुकांच्या बाजारात ‘अलॉय’ म्हटले की बहुधा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू अभिप्रेत असतो. शिवाय संपूर्ण पिस्तूल कधीच ॲल्युमिनियमचे नसते. गोळी जिच्यातून जाते ती नळी आणि गोळी सुटताच मागे सरकणारी वरची स्लाइड या दोन्ही पोलादाच्याच असतात. मूठ, चाप आणि मॅगझिन ज्यात बसते ती खालची चौकट, म्हणजे फ्रेम, तेवढी ॲल्युमिनियमची असते.

पोलादाची घनता पाण्याच्या सुमारे ७.८ पट, तर ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची साधारण २.७ ते २.८ पट. म्हणजे त्याच मापाची फ्रेम जवळपास एक तृतीयांश वजनात होते. चांगल्या फ्रेमसाठी ७०७५ या क्रमांकाने ओळखला जाणारा, जस्त मिसळलेला मिश्रधातू वापरतात. हा प्रकार १९३०च्या दशकात जपानमध्ये विकसित झाला आणि ‘झीरो’ या लढाऊ विमानात वापरला गेला. त्याची ताकद अनेक साध्या पोलादांच्या तोडीची असते. त्यामुळे ‘ॲल्युमिनियम म्हणजे भांड्यांचा पत्रा’ हा समज येथे लागू पडत नाही.

वाद कधी सुरू झाला?

जॉन ब्राउनिंग यांनी घडवलेले आणि १९११ मध्ये अमेरिकी लष्कराने स्वीकारलेले कोल्ट पिस्तूल अस्सल पोलादी होते. पाच इंची नळी, पॉइंट ४५ ची जाड गोळी आणि रिकाम्या पिस्तुलाचे वजन सुमारे ११०० ग्रॅम. दोन महायुद्धे त्याने गाजवली. पण दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराला अधिकाऱ्यांसाठी लहान आणि हलके पिस्तूल हवे होते. त्या मागणीतून कोल्टने ‘कमांडर’ हे मॉडेल तयार केले. नळी सव्वाचार इंचांची आणि फ्रेम ॲल्युमिनियमची. वजन साधारण पाऊण किलोवर आले. लष्कराने जुनेच पिस्तूल चालू ठेवले, पण १९५०च्या सुमारास कमांडर नागरी बाजारात आले आणि तेथे टिकले.

गंमत पुढेच आहे. सुमारे वीस वर्षांनी ग्राहकांच्या आग्रहाखातर कोल्टने तेच पिस्तूल पोलादी फ्रेममध्ये आणले. त्याला ‘कॉम्बॅट कमांडर’ नाव मिळाले आणि मूळ पिस्तूल ‘लाइटवेट कमांडर’ म्हणून ओळखले जाऊ लागले. आकार तोच, गोळी तीच, फरक २०० ते २५० ग्रॅमचा. एकाच पिस्तुलाचे दोन धातूंतील अवतार शेजारी ठेवून पाहण्याची सोय त्यामुळे झाली आणि वादालाही तोंड फुटले.

चेक प्रजासत्ताकातील सीझेड कंपनीनेही हीच वाट धरली. सीझेड ७५ कॉम्पॅक्ट हे पोलादी पिस्तूल सुमारे ९२० ग्रॅमचे, तर त्याच घराण्यातील ॲल्युमिनियम फ्रेमचे पी-०१ सुमारे ८०० ग्रॅमचे. पी-०१ चेक पोलिसांनी स्वीकारले. त्या देशात परवानाधारक नागरिकालाही स्वसंरक्षणासाठी लपवून पिस्तूल बाळगता येते. २०२१ मध्ये सीझेडच्या समूहाने कोल्ट ही कंपनीच विकत घेतली. त्यामुळे या वादातील दोन्ही जुनी घराणी आता एकाच छताखाली आहेत.

हलके पिस्तूल अधिक धक्का का देते?

गोळी पुढे जाते तेव्हा पिस्तूल तेवढ्याच संवेगाने मागे ढकलले जाते. शाळेत शिकलेला न्यूटनचा तिसरा नियम तो हाच. काडतूस तेच असेल तर संवेगही तोच राहतो, पण पिस्तूल हलके असेल तर ते अधिक वेगाने मागे येते. हातात उतरणारी धक्क्याची ऊर्जा पिस्तुलाच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. एक किलोचे पिस्तूल ७५० ग्रॅमवर आणले, तर वजन पाव हिश्श्याने घटते आणि धक्क्याची ऊर्जा एक तृतीयांशाने वाढते.

हा फरक पहिल्या गोळीला फारसा जाणवत नाही, दुसरीला जाणवतो. नळी वर उसळते, नेम पुन्हा जुळवायला वेळ लागतो. नवख्या माणसात त्याहून मोठी अडचण निर्माण होते. धक्क्याच्या धास्तीने चाप ओढण्याआधीच मनगट आखडते आणि गोळी खाली जाते. चुकलेली गोळी हवेत विरत नाही. ती भिंतीत, शेजारच्या घरात किंवा रस्त्यावरच्या तिऱ्हाइताला लागते आणि तिची जबाबदारी चाप ओढणाऱ्यावरच येते. पोलादाच्या बाजूने सर्वांत भक्कम युक्तिवाद हाच आहे.

मॅगझिन भरले की दोन्ही पिस्तुलांच्या वजनात सारखीच भर पडते. ९ एमएमचे एक काडतूस साधारण १२ ग्रॅमचे, म्हणजे पंधरा काडतुसांचे १८० ग्रॅम. त्यामुळे भरलेल्या पिस्तुलांतील टक्केवारीचा फरक थोडा कमी होतो, पण पुसला जात नाही. तोलही बदलतो. फ्रेम हलकी आणि वरची स्लाइड पोलादी, त्यामुळे मिश्रधातूचे पिस्तूल वरच्या बाजूला जड वाटते. पोलादी पिस्तुलाचे वजन मुठीकडे अधिक उतरते आणि ते हातात स्थिर बसते.

मग सगळेच पोलादी का घेत नाहीत?

कारण पिस्तूल बाळगणारा माणूस चालतो, बसतो, गाडी चालवतो, वाकून मुलाच्या बुटाची नाडी बांधतो. भरलेले पोलादी पिस्तूल म्हणजे सव्वा किलोच्या घरातले ओझे शरीराच्या एकाच बाजूला. साधा पट्टा खाली ओघळतो, पँट ओढली जाते, दिवसअखेर कंबर दुखते. सदऱ्याखाली फुगवटा दिसतो आणि तो झाकण्यासाठी हात सारखा तिकडे जातो. सरावलेली नजर हे लगेच हेरते.

काही आठवड्यांत जड पिस्तूल गाडीच्या कप्प्यात किंवा घरच्या ड्रॉवरमध्ये राहू लागते. कप्प्यातले पिस्तूल मालकाच्या कामाचे नाही, चोराच्या आणि लहान मुलांच्या मात्र हाती सहज लागते. म्हणूनच हलक्या फ्रेमचे समर्थक सांगतात, की रोज सहज अंगावर राहील आणि नियंत्रणातही असेल असेच पिस्तूल निवडा. जाड, कडक पट्टा आणि चाप पूर्ण झाकणारे होल्स्टर घेतले तर वजनाचा बराच त्रास कमी होतो, हेही तितकेच खरे. कित्येकदा पिस्तूल बदलण्याऐवजी पट्टा बदलणे स्वस्त पडते.

टिकाऊपणात कोण सरस?

येथे पोलादाचे पारडे जड आहे. ठरावीक मर्यादेखालचा ताण कितीही वेळा आला तरी अनेक पोलादे थकत नाहीत. ॲल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नसते. लहान ताणही पुरेशा वेळा आला तर शेवटी सूक्ष्म तडा जाऊ शकतो. जर्मनीचे वॉल्थर पी-३८ हे महायुद्धकालीन पोलादी पिस्तूल युद्धानंतर पश्चिम जर्मन लष्करासाठी ॲल्युमिनियम फ्रेममध्ये बनू लागले, त्याला पुढे पी-१ नाव मिळाले. नंतरच्या काळात त्याच्या फ्रेममध्ये जिथे ताण येतो तिथे आडवी पोलादी खीळ बसवावी लागली.

अमेरिकी हवाई दलाची फजिती याहून मोठी. १९५०च्या दशकात वैमानिकांसाठी अतिहलकी रिव्हॉल्व्हर घेतली गेली. त्यांत फ्रेमच नव्हे तर काडतुसे ज्यात बसतात ते सिलिंडरही ॲल्युमिनियमचे होते. स्फोटाचा दाब थेट झेलणारा हा भाग भरवशाचा ठरला नाही. हवाई दलाने ती रिव्हॉल्व्हर परत घेऊन बहुतेक नष्ट केली. नागरी बाजारातील हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये त्यानंतर फ्रेम ॲल्युमिनियमची आणि सिलिंडर पोलादी, अशी विभागणी रूढ झाली.

तरीही सामान्य वापरकर्त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. अमेरिकी लष्कराने १९८५ मध्ये स्वीकारलेले बेरेटा ॲल्युमिनियम फ्रेमचेच होते आणि ते तीन दशकांहून अधिक काळ सेवेत राहिले. महिन्याला पन्नास-शंभर गोळ्या झाडणाऱ्याची चांगली फ्रेम सहसा आयुष्यभर पुरते. दर आठवड्याला शेकडो गोळ्या झाडणाऱ्या नेमबाजासाठी मात्र पोलाद शहाणपणाचे. जुने ॲल्युमिनियम पिस्तूल विकत घेताना स्लाइडच्या खाचा, स्लाइड अडकवणाऱ्या खिळीचे भोक आणि गोळी नळीत चढते तो उतार नीट पाहावा. १९११ घराण्याच्या हलक्या पिस्तुलांत हा उतार फ्रेममध्येच कोरलेला असतो. पोकळ टोकाच्या गोळ्यांनी तो खरवडला जातो. म्हणून अनेक नव्या मॉडेलांत उतार पोलादी नळीलाच जोडलेला असतो.

घाम आणि गंज यांचे काय?

पिस्तूल अंगाला लागून असते आणि घामात मीठ असते. साध्या कार्बन पोलादावर दोन-तीन दिवसांतही तांबूस ठिपके दिसू शकतात. स्टेनलेस पोलाद बरेच तग धरते, पण ‘गंजरहित’ या नावावर पूर्ण विसंबू नये. ॲल्युमिनियम लोखंडासारखे गंजत नाही. त्याच्यावर विद्युत-रासायनिक प्रक्रियेने कठीण ऑक्साइडचा थर चढवलेला असतो. मात्र तो पातळ असतो. होल्स्टरमध्ये घासून तो कडांवर उडाला की खालचा मऊ धातू उघडा पडतो आणि खारट घामाने त्यावर खळगे पडू शकतात. पोलादावरचा ओरखडा घासून पुन्हा रंग देता येतो, ॲल्युमिनियमची दुरुस्ती तेवढी सोपी नाही. फ्लोरिडाची दमट हवा असो वा कोकणातला पावसाळा, पुसणे आणि तेलाचा पातळ हात देणे दोन्ही धातूंना चुकत नाही.

प्लास्टिकने हा वाद संपवला नाही का?

बऱ्याच अंशी संपवला. १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या लष्कराने ग्लॉक १७ स्वीकारले आणि पॉलिमरच्या, म्हणजे मजबूत प्लास्टिकच्या, फ्रेमचे युग सुरू झाले. १९८८ मधले ग्लॉक १९ रिकामे असताना सुमारे ६०० ग्रॅमचे आणि मॅगझिनमध्ये पंधरा काडतुसे. २०१८ मध्ये आलेले सिग पी-३६५ तर पाचशे ग्रॅमच्या आसपास, तरी त्यात दहा काडतुसे. किंमत कमी, गंजाची चिंता कमी. आज कमरेला लावल्या जाणाऱ्या नव्या पिस्तुलांत पॉलिमरचाच भरणा आहे.

तरी धातूचे चाहते उरले, कारण धक्क्याचे गणित प्लास्टिकलाही लागू होते. जितके हलके तितके हातात नाचते. अनेक धातूच्या पिस्तुलांत बाहेर दिसणारा घोडा असतो आणि पहिल्या गोळीसाठी चाप लांब, जड ओढावा लागतो. अनवधानाने गोळी सुटू नये म्हणून काहींना तेच हवे असते. ॲल्युमिनियम फ्रेम या दोन टोकांमधली तडजोड ठरते. पोलादाहून हलकी, प्लास्टिकहून स्थिर.

अमेरिकेतील मराठी माणसाने काय लक्षात ठेवावे?

धातूच्याही आधी व्हिसा. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसासारख्या बिगरस्थलांतरित व्हिसावर असलेल्यांना संघराज्याच्या कायद्यानुसार बंदूक आणि काडतुसे बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना यांसारखे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू नाही. एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात आपोआप चालत नाही. टेक्सासमध्ये कायदेशीर असलेली गोष्ट न्यू जर्सीत गुन्हा ठरू शकते.

भारतात येताना तर दुहेरी काळजी हवी. नेमबाजीला नेलेल्या पिशवीच्या कोपऱ्यात एखादे काडतूस राहते आणि विमानतळावरील तपासणीत ते सापडते. मग शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदला जातो. काडतूस जाणीवपूर्वक बाळगले नव्हते हे पटल्यास न्यायालये दिलासा देतात, पण तोवर प्रवास, सुट्टी आणि मनःशांती गेलेली असते. नेमबाजीची पिशवी प्रवासाला वापरूच नये, हा सर्वांत सोपा उपाय.

भारतात हा प्रश्न कसा उभा राहतो?

भारतात पिस्तूल हा हक्क नाही, तो १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील परवाना आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत पोलीस आयुक्त आणि अन्यत्र जिल्हाधिकारी तो देतात. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली, परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षांवर गेली आणि लग्न-मिरवणुकीत हवेत गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्हींची तरतूद झाली. ९ एमएम हे सामान्य नागरिकासाठी निषिद्ध बोअर असल्याने येथे पॉइंट ३२ चीच पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हर अधिक दिसतात. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्ये, अंगाशी बांधलेलेच असावे लागते.

वजनाचा मुद्दा आपल्याकडेही आला आहे. दिल्लीतील २०१२ च्या अत्याचाराच्या घटनेनंतर, २०१४ च्या सुरुवातीला कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने ‘निर्भीक’ हे रिव्हॉल्व्हर महिलांसाठी म्हणून बाजारात आणले. टायटॅनियमच्या मिश्रधातूचा वापर करून त्याचे वजन सुमारे पाचशे ग्रॅमवर ठेवले होते. पर्समध्ये मावेल हा उद्देश. किंमत मात्र एक लाख २२ हजारांच्या पुढे. परवाना आणि ही किंमत दोन्ही परवडणाऱ्या महिला किती, असा सवाल तेव्हाच विचारला गेला. तो आजही गैरलागू झालेला नाही.

मग निवड कशी करावी?

जाणकारांच्या चर्चेचे सार थोडक्यात असे सांगता येईल. रोज दिवसभर बाळगायचे आणि सराव मध्यम असेल, तर चांगल्या बनावटीची ॲल्युमिनियम फ्रेम. भरपूर सराव, दणकट बांधा, चांगला पट्टा आणि थंड प्रदेशातले जाड कपडे असतील, तर पोलाद. मनगट नाजूक किंवा संधिवाताचा त्रास असेल, तर अतिहलके पिस्तूल टाळावे. दुकानदार आग्रहाने तेच पुढे करतो, पण पहिल्या पन्नास गोळ्यांनंतर ते पुन्हा हातात घ्यावेसे वाटत नाही. विकत घेण्यापूर्वी मैदानावर भाड्याने दोन्ही प्रकार मिळतात. किमान शंभर-शंभर गोळ्या झाडून, मग रिकामे पिस्तूल होल्स्टरमध्ये लावून घरातल्या घरात दिवसभर वावरून पाहावे.

धातू कोणताही असो, काही गोष्टी बदलत नाहीत. १ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे मुंबईत अभिनेता गोविंदा यांच्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरमधून चुकून सुटलेली गोळी त्यांच्या पायाला लागली होती. अमेरिकेत २०२२ मध्ये बंदुकीने ४८ हजारांहून अधिक बळी गेले. त्यांपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. घरात पिस्तूल आणणाऱ्याने हा आकडा वजनाच्या तक्त्याशेजारी ठेवून वाचावा. अंगावर नसेल तेव्हा पिस्तूल रिकामे करून कुलपात आणि काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवावीत. घरात कुणी नैराश्यात असेल तर पिस्तूल काही काळ घराबाहेर सुरक्षित जागी ठेवावे. पोलाद की ॲल्युमिनियम हा प्रश्न त्यानंतरचा.